भांडवल आणि कर्मादान

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. वनतोड, हस्तिदंत, विष, शस्त्रे, मधमद्यादि रस यांचे व्यवहार त्यांत येतात. पेढीवर बसताना आम्ही व्यापारी हा विवेक बहुधा राखतो. परंतु तीच कमाई शेअर वा म्युच्युअल फंडात घालताना त्याचा विसर पडतो. वस्तुतः शेअर घेणे म्हणजे धंद्यात भागीदार होणे होय. वाटा अल्प असला तरी लाभांश घरात येतो, आणि चातुर्मासात त्यातूनच दान बोलले जाते.

सिगारेट त्या पंधरांत नाही, असे कोणी म्हणेल. तेराव्या शतकात आपल्या माळव्यातच, नालछा येथे राहिलेल्या पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त याचे उत्तर देऊन ठेवले आहे: सावद्य कर्मे अगणित असल्याने अशी यादी पुरी होणे नाही.

निफ्टी निर्देशांकाचा फंड घेतला की त्यात आय. टी. सी. ओघानेच येते. सोयाबीन खरेदीसाठी 2000 साली मध्य प्रदेशात ई-चौपाल काढणारी हीच कंपनी. तिचा आटा घरोघरी आहे. नफ्याचा मोठा भाग मात्र सिगारेटींचा. आटा उत्तम म्हणून धूर क्षम्य ठरावा, हे आम्हांस पटत नाही.

पोत्यातील मूठभर दाणे पाहिल्यावाचून आम्ही भाव बोलत नाही. फंडातील कंपन्यांची यादी दरमहा प्रसिद्ध होते, कंपनीच्या वार्षिक अहवालात विभागवार उत्पन्न छापलेले असते. तेवढे तरी वाचावे. बँकेतील ठेव पुढे कोणाच्या धंद्यात जाते, हे मात्र ठेवीदारास कळत नाही. तेथे हा उपाय चालत नाही.