रुळांच्या अलीकडचे आणि पलीकडचे सुरत

सुरतची ओळख करून देताना आपण सहसा तीन गोष्टी सांगतो : हिरे, साड्या आणि खाणे. चौथी गोष्ट सांगायची राहून जाते. हे शहर बाहेरगावाहून आलेल्या माणसांनी वाढवले आहे आणि ही माणसे आपापल्या वेगळ्या कप्प्यांत राहतात. या कप्प्यांचा आरोग्याशी काय संबंध आहे, याचा विचार एक वैद्यक व्यावसायिक या नात्याने येथे करावयाचा आहे.

जुने शहर, नवे शहर

तटाच्या आतील सुरतही विभागलेलेच होते. गोपीपुऱ्यात जैन, झांपाबाजारात दाऊदी बोहरा, नानपुऱ्यात पारशी, तर तापीपलीकडे रांदेरला सुन्नी वोरा, अशी धर्म, जात आणि व्यवसाय यांनुसार वस्ती असे. शेरी वेगळी असली तरी बाजार एक होता, नदीही एकच होती. हे काही समतेचे चित्र नव्हते. शिवाशिव तेथेही होतीच. तथापि श्रीमंताची हवेली आणि कारागिराचे घर यांत फार अंतर नसल्यामुळे एका शेरीतील साथ दुसरीला लवकर कळत असे.

पुढे कृत्रिम रेशीम आणि हिरे या दोन धंद्यांनी शहराचे रूप पालटले. १९८१ च्या जनगणनेत पावणेआठ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे पंचेचाळीस लाखांवर पोचली. मधल्या काळात शहराची हद्दही वाढली. सौराष्ट्रातील हिरेकामगार वराछात स्थिरावले. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार वेडरोड परिसरात राहिले, उत्तर प्रदेश व बिहारचे लोक पांडेसऱ्याकडे गेले. धुळे, नंदुरबार आणि जळगावकडील आपली माणसे तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरली आणि लिंबायत, नवागाम, डिंडोली येथे वसली. सुखवस्तू वस्ती मात्र अठवालाइन्स, पिपलोद, वेसू अशी नैर्ऋत्येकडे सरकत गेली. जुन्या शेऱ्यांमधील अंतर पावलांचे होते; नव्या वस्त्यांमध्ये रेल्वेचे रूळ आहेत, उड्डाणपूल आहेत आणि जागेचे भाव आहेत. डिसेंबर १९९२ च्या दंगलीनंतर धर्मानुसार वेगळे राहण्याची प्रवृत्तीही बळावली.

प्लेगचा धडा

सप्टेंबर १९९४ मध्ये तापीच्या पुरापाठोपाठ फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. तिचा भर वेडरोडकडील कामगारवस्तीवर होता. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. अनेक खाजगी दवाखाने त्या दिवसांत बंद झाले, तर नव्या सिव्हिल हॉस्पिटलमधील डॉक्टर व परिचारिका ठाम उभ्या राहिल्या. टेट्रासायक्लिनसारखे साधे औषध या आजारावर चालते, परंतु ते लक्षणे दिसताच, पहिल्या दिवसातच सुरू व्हावे लागते. मीटरवर मजुरी मिळणारा कामगार ताप आला म्हणून पाळी चुकवत नाही. तो उशिरा येतो, आणि या आजारात उशीर म्हणजेच मृत्यू.

त्या वेळी ‘ही बाहेरची माणसेच अस्वच्छ’ असे उद्गार सर्रास ऐकू येत. या समजुतीचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या इतिहासात आहे. १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक बळी घेतले. त्याला अगदी लागून असलेले आल्टोना हे गाव मात्र बऱ्याच अंशी बचावले. हवा तीच, नदी तीच, माणसेही तशीच. फरक इतकाच की आल्टोनाचे पाणी वाळूतून गाळलेले होते आणि हॅम्बुर्गचे तसे नव्हते. रोगाची सीमा लोकांच्या स्वभावाने आखली नव्हती; ती नळाने आखली होती.

सुरतनेही हेच सिद्ध केले. मे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कार्यालयातून रस्त्यावर आणले, रात्रीची सफाई सुरू केली आणि झोपडपट्ट्यांतील गल्ल्या, गटारे व शौचालये यांकडे लक्ष दिले. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ने सुरतला चंदीगढनंतरचे दुसरे स्वच्छ शहर ठरवले. माणसे तीच होती. सेवा बदलली होती. रुग्णालयांतून रोजच्या रोज रोगांची माहिती गोळा करण्याची पद्धतही त्याच अनुभवातून रुजली.

उरलेले काम

विषमता संपली असे मात्र म्हणता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास होत्या. कुटुंब गावी ठेवून आलेल्या एकट्या पुरुषांचे हे शहर आहे. यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळ्या असतात आणि ओडिया कामगारांच्या ‘मेस’मध्ये एकाच अंथरुणावर दिवसपाळीचा व रातपाळीचा कामगार आळीपाळीने झोपतो. अशा खोलीत क्षयाचा एक रुग्ण असणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. मागांचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो; त्यामुळे हळूहळू येणाऱ्या बहिरेपणाची नोंद कोठेही होत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात लसकाणा भागात हेच कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले, तेव्हा अनेक सुरतकरांना त्यांच्या राहणीची प्रथमच कल्पना आली.

ऑगस्ट २००६ च्या महापुरात अडाजण-रांदेरचे बंगलेही पाण्याखाली गेले, हे खरे. पाणी सर्वांच्या घरात सारखेच शिरले. सावरण्यास लागलेला काळ मात्र सारखा नव्हता. ज्याच्यापाशी वरचा मजला, बचत आणि विमा होता तो लवकर उभा राहिला.

आपले कर्तव्य

या शहराच्या विविधतेची एक सुंदर खूणही आहे. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालत आल्या आहेत. परक्या मुलाला त्याच्या भाषेत अक्षरे शिकवणारी नगरी परकी राहत नाही.

हाच न्याय दवाखान्याला लावावा असे मला वाटते. लिंबायतहून आलेली म्हातारी ‘पोट दुखस’ असे अहिराणीत सांगते, तेव्हा तिला तिच्याच बोलीत पुढचा प्रश्न विचारला की दुखण्याचा खरा इतिहास बाहेर येतो. एरवी ती केवळ मान हलवते. ही भाषा आपल्यापैकी अनेकांच्या घरची आहे. सुरतचा मराठी समाजही रुळांच्या दोन्ही बाजूंना विभागलेला आहे. एका बाजूला अधिकारी, प्राध्यापक आणि आपण डॉक्टर. दुसऱ्या बाजूला माग चालवणारे, रंगाईच्या मिलमध्ये राबणारे आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनी. गणेशोत्सव दोन्हीकडे होतो, पण बहुधा वेगवेगळ्या मंडपांत.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या संस्थेची आरोग्य शिबिरे नेहमीच्या सभागृहाऐवजी डिंडोली-नवागामसारख्या वस्तीत, आणि पाळी बदलण्याच्या वेळी घ्यावीत. केसपेपरवर रुग्णाचा व्यवसाय आणि खोलीत राहणाऱ्यांची संख्या न चुकता लिहावी. त्यावरूनच क्षय, बहिरेपणा आणि श्वसनविकार यांचा नकाशा तयार होईल. आणि ओडिया व तेलुगू भाषिक सहव्यावसायिकांना बरोबर घेऊन प्राथमिक सूचनांची पत्रके त्या त्या भाषांत छापावीत.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. रुळांपलीकडे जाण्यासाठी महिन्यातून एक रविवार मात्र लागेल.