वारा नाही, तरी उधाण

२३ डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या लाकडी धक्क्याचं टोक, सुमारे दीडशे फूट, लाटांनी तोडून नेलं. १९१४ साली बांधलेल्या या धक्क्याच्या दुरुस्तीचं काम तेव्हा चालू होतं. तिघंजण पाण्यात पडले. सुदैवाने तिघंही वाचले. टोकावरचं स्वच्छतागृह तरंगत सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी जाऊन लागलं. ही दृश्यं जगभर दिसली. त्याच दिवशी शेजारच्या मरिनात, म्हणजे होड्यांच्या बंदरात, तरंगते धक्के मोडले, होड्यांचंही नुकसान झालं. त्याची चर्चा कमी झाली. मला मात्र तेच अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण मरिना बांधतात ती आसऱ्यासाठी.

मरिनात होडीवरच बिऱ्हाड केलेला दर्यावर्दी हिवाळ्यात खोल समुद्रातल्या बोयांच्या नोंदी रोज बघतो. लाटेच्या उंचीइतकीच त्याची नजर असते कालावधीवर, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते यावर. उंची सारखीच असली, तरी खोल पाण्यात २० सेकंदांची लाट १० सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट ऊर्जा वाहून आणते. २० सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने सरकते, दिवसाला साडेतेराशे किलोमीटर. वादळ उत्तर पॅसिफिकमध्ये दूर कुठेतरी आणि इथे लख्ख ऊन, असं सहज घडतं. लांब कालावधीच्या लाटा पुढे धावतात, आखूड मागून येतात. त्यांच्या येण्यातल्या वेळेच्या फरकावरून वादळ किती दूर झालं याचा हिशेब मांडता येतो. वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं ठेवून दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटांचा असा माग काढला होता.

फुटणारी मोठी लाट बंदरापुढच्या बांधावर बरीचशी अडते. पण मोठ्या लाटा झुंडीने येतात आणि त्या झुंडींबरोबर पाण्याची पातळी फार संथपणे खालीवर होते. एका फेऱ्याला मिनिट, कधी काही मिनिटंही लागतात. हे लांबलचक हेलकावे डोळ्यांना लाट म्हणून दिसतच नाहीत. ते बंदराच्या तोंडातून सरळ आत शिरतात आणि त्यांची लय बंदराच्या स्वतःच्या लयीशी जुळली, तर वाढत जातात. मग मरिनातलं पाणी नदीसारखं आत धावतं, थबकतं आणि उलटं फिरतं. तरंगता धक्का खांबाला घासत करकरतो. टनावारी वजनाची होडी पुढे सरकते, दोर ताणून दोरीएवढा बारीक होतो, त्यातून पाणी ठिबकतं. लगेच तो सैल पडतो आणि पुन्हा हिसका बसतो. दोर तुटतो तो बहुधा होडीच्या काठाला घासतो तिथेच. म्हणून जाणते लोक त्या जागी पाण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडा चढवतात, दोर दुहेरी करतात आणि थोडी ढील ठेवतात.

होडी काढून खोल समुद्रात नेणं हा उपाय आदल्या दिवशीपर्यंतच. लाटा बंदराच्या तोंडावर फुटू लागल्या की ती वाट बंद होते.