औषधाचे रक्तांतील वाहक

कोलेस्टेरॉल हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो, आणि तो बहुधा भीतीनेंच उच्चारला जातो. आज त्याच्या वाहकांची एक निराळी कामगिरी सांगावयाची आहे.

कोलेस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ. तो पाण्यांत विरघळत नाहीं. रक्त तर बहुतांशीं पाणीच! म्हणून यकृत व आंतडें प्रथिनांच्या वेष्टनांत गुंडाळलेले सूक्ष्म कण तयार करतात. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. आपण नावा म्हणूं. या नावांत कोलेस्टेरॉलच बसतें असें नाहीं. पाण्याशीं वांकडें असलेलीं कित्येक औषधेंहि त्यांत जाऊन बसतात.

सायक्लोस्पोरिन हें त्यांपैकीं एक. नॉर्वेमधील हार्डांगरव्हिडा पठाराच्या मातींतील एका बुरशीपासून तें मिळालें. रोगप्रतिकारशक्ति दडपण्याचा त्याचा गुण १९७२ सालीं बाझल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत उघडकीस आला, आणि १९७८ मध्यें केंब्रिजचे शल्यविशारद रॉय कॅल्न यांनीं मूत्रपिंडरोपणाच्या रोग्यांना तें दिलें.

परकें मूत्रपिंड शरीरांत बसविलें कीं टी-पेशी नांवाच्या पांढऱ्या पेशी त्याला शत्रु समजतात, आणि इंटरल्युकिन-२ हें द्रव्य सोडून आपल्या भाईबंदांना हांक घालतात. सायक्लोस्पोरिन या पेशींत शिरून सायक्लोफिलिन या प्रथिनाशीं जोडी जमवितें. ती जोडी कॅल्सिन्यूरिन नांवाच्या दुसऱ्या प्रथिनाला निकामी करते, आणि हांकच उठत नाहीं. परंतु त्यासाठीं औषध पेशींत पोंचलें पाहिजे.

रक्तांतील सायक्लोस्पोरिनचा सुमारें निम्मा भाग तांबड्या पेशींत असतो, तर शेंकडा ३३ ते ४७ भाग रक्तद्रवांत. टी-पेशी ज्या लसीकापेशींच्या कुळांत मोडतात त्यांच्या वांट्यास अवघे शेंकडा ४ ते ९ भाग येतात. रक्तद्रवांतील औषधापैकींहि शेंकडा ९० च्या आसपास बांधलेलें असतें, आणि तें मुख्यतः याच नावांत. जें थोडें मोकळें राहिलें तेंच सहजपणें कांठावर उतरून पेशींत शिरूं शकतें. आणि रोग्याची नेहमींची तपासणी तर एकूण औषध मोजते. नावेंत बसलेलें किती व मोकळें किती, हें ती सांगत नाहीं.

मग नावाच कमी असल्या तर? १९८७ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं यकृतरोपण झालेल्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. नावा बांधणारा कारखानाच नुकता बदललेला! ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल फार उतरलें होतें, त्यांपैकीं कांहींच्या मेंदूवर औषधाचा विषारी परिणाम झाला. भ्रम, झटके, कोणाची दृष्टीहि गेली. औषध कमी केल्यावर किंवा थांबविल्यावर त्यांना उतार पडला. नावा अपुऱ्या म्हणून मोकळें औषध वाढलें, हा त्याचा एक खुलासा. दुसरा असा कीं, कोलेस्टेरॉलची टंचाई भासली म्हणजे पेशी नावा ओढून घेण्याचीं आपलीं द्वारें वाढवितात, आणि नावेबरोबर उतारूहि आंत येतो. हीं द्वारें शोधून काढल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

विभाजनाच्या तयारींत असलेल्या लसीकापेशीहि अशींच द्वारें वाढवितात, कारण नव्या पेशीचें आवरण उभारण्यास कोलेस्टेरॉल लागतें. तेव्हां या नावांना केवळ खलपुरुषांच्या रांगेंत बसविणें मला अन्यायाचें वाटतें.

गंमत अशी कीं, हेंच सायक्लोस्पोरिन दीर्घकाळ घेतलें असतां कोलेस्टेरॉल वाढवितें. मग तें उतरविण्यासाठीं स्टॅटिन द्यावें, तर सायक्लोस्पोरिनमुळें त्याचेंहि रक्तांतील प्रमाण चढतें व स्नायूंना अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून अशा रोग्यांना स्टॅटिन देणें झालें तर तें निवडून व अल्प मात्रेंतच देतात.