नकलेची उगवण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या भागातील हजारो माणसे घरांच्या भिंतींखाली गेली. अशा वेळी मागे राहिलेल्यांना सातबारा, खातेपुस्तक, जन्मनोंद यांचाच आधार असतो. आज ही दप्तरे आपण सर्व्हरमध्ये ठेवतो. लातूरच्या सर्व्हरची नक्कल, म्हणजे बॅकअप, नांदेडला ठेवावी आणि गोदाकाठच्या नांदेडची लातूरला, हे शहाणपणच होय.

पण नक्कल असणे निराळे आणि ती उपयोगी पडणे निराळे. संकटानंतर जुने यंत्र हाती नसते. मिळेल त्या यंत्रावर काम भागवावे लागते. जुन्या सर्व्हरची समग्र नक्कल अशा परक्या यंत्रावर उतरवली, तर पुष्कळदा ते सुरूच होत नाही. कारण नव्या यंत्राची डिस्क ओळखणारा ड्रायव्हर त्या नकलेत नसतो. माहिती शाबूत, पण दार उघडत नाही!

सोयाबीन पेरण्यापूर्वी आपला शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. ७० तरी उगवले, तर ते बियाणे. नकलेचीही अशीच उगवण पाहावी. वर्षातून दोनदा निराळ्या बनावटीचे यंत्र घ्यावे, ते चालू जाळ्यापासून तोडावे, त्याचे ड्रायव्हर जवळ ठेवून नक्कल उतरवावी आणि एखाद्या खात्याची बेरीज मूळ दप्तराशी ताडून पाहावी. किती तास लागले, तेही लिहून ठेवावे.

ज्या नकलेची उगवण पाहिली नाही, तिच्या भरवशावर आम्ही तरी स्वस्थ निजणार नाही.