डेनिस लॉ
डेनिस लॉ (२४ फेब्रुवारी, इ.स. १९४० – १७ जानेवारी, इ.स. २०२५) हे स्कॉटलंडचे व्यावसायिक फुटबॉलपटू होते. ते आघाडीच्या फळीत खेळत. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूस दिला जाणारा बॅलन डी'ओर पुरस्कार (१९६४) मिळवणारे ते एकमेव स्कॉटिश खेळाडू होत.

प्रारंभिक जीवन
लॉ यांचा जन्म ॲबर्डीन येथील एका मच्छीमाराच्या कुटुंबात झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणापासून त्यांच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता. हडर्सफील्ड टाउन क्लबात आल्यावर शस्त्रक्रियेने तो दूर झाला. डिसेंबर १९५६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते क्लबाच्या मुख्य संघातून प्रथम खेळले.

क्लब कारकीर्द
१९६० मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना ५५,००० पौंडांना करारबद्ध केले. पुढील वर्षी एफ.ए. चषकात ल्यूटन टाउनविरुद्ध त्यांनी सहा गोल केले. परंतु मैदानात पाणी साचल्याने सामना अर्धवट थांबला आणि ते गोल अधिकृत नोंदीत धरले गेले नाहीत. इटलीतील तोरिनो क्लबाकडून एक हंगाम खेळून १९६२ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाले. तेथे त्यांनी ४०४ सामन्यांत २३७ गोल केले. बॉबी चार्लटन व जॉर्ज बेस्ट यांच्यासमवेत खेळताना त्यांनी १९६५ व १९६७ ची लीग विजेतेपदे मिळवली. १९६८ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यास मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे ते मुकले.

१९७४ चा गोल
१९७३ मध्ये युनायटेडने मुक्त केल्यावर लॉ पुन्हा सिटीकडे गेले. २७ एप्रिल, १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी टाचेने मारलेल्या चेंडूवर सिटीने युनायटेडला १-० असे हरवले. आपल्याच जुन्या क्लबाविरुद्धच्या या गोलाचा त्यांनी आनंद साजरा केला नाही. या गोलाने युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. त्याच दिवशी बर्मिंगहॅम सिटीचा संघ जिंकल्यामुळे हा सामना जिंकूनही युनायटेडची घसरण टळली नसती. लॉ यांचा हा इंग्लिश लीगमधील अखेरचा सामना ठरला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द
स्कॉटलंडकडून त्यांनी ५५ सामन्यांत ३० गोल केले. केनी डॅलग्लिश यांनी १०२ सामन्यांत तेवढेच गोल करून या राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी साधली. १९६७ मध्ये वेम्बली येथे विश्वविजेत्या इंग्लंडवर मिळवलेल्या ३-२ अशा विजयातही लॉ यांचा एक गोल होता. १९७४ च्या विश्वचषकात झैरेविरुद्ध खेळून त्यांनी आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपवली.