स्क्रीनवर नाव आलं, म्हणजे संगणक आपला झाला?

नागपूरच्या सीताबर्डीत घ्या की चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळ, जुना लॅपटॉप विकणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : "फॉरमॅट मारून, विंडो टाकून, तुमचं नाव घालून देतो." यंत्र सुरू होतं, स्क्रीनवर आपलं नाव झळकतं आणि व्यवहार पुरा झाला असं वाटतं. घेणारा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असो, सेतू केंद्र चालवणारी बाई असो की तेंदू-बांबूचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा. पण झळकणारं नाव ही फक्त वरची पाटी आहे. जुना मालक यंत्रात आणखी तीन-चार जागी बसलेला असू शकतो.

सर्वांत सौम्य जागा आधी. कित्येकदा फॉरमॅटही होत नाही, जुन्या खात्याचं नाव तेवढं बदलतात. नाव बदललं तरी सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मध्ये फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. 'विनव्हर' ही आज्ञा दिली की परवाना कुणाच्या नावे आहे ते दिसतं. तिथेही जुनं नाव सापडतं. वर्डमध्ये लिहिलेल्या पत्राच्या गुणधर्मांत लेखक म्हणून भलत्याच कंपनीचं नाव जातं. यात नुकसान थोडं, शोभा जास्त.

नुकसान होतं ते क्रोम आणि वनड्राइव्हमुळे. जुन्या मालकाचं गुगल खातं ब्राउझरमध्ये चालू आणि सिंक सुरू असेल, तर तुम्ही साठवलेले पासवर्ड त्याच्या खात्यात जमा होतात. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉपवरचं आधारकार्ड आणि सातबाराही तिकडेच. म्हणून जुन्या खात्यावर नाव चिकटवून घेऊ नये. 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'सगळं काढा' हा पर्याय निवडून यंत्र कोरं करायचं आणि पहिल्या स्वागताच्या पडद्यापासून स्वतः सुरुवात करायची. त्यात 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर चार जीबीहून जास्त डेटा जाऊ शकतो. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या कमजोर नेटवर्कवर त्या वाटेला जाऊ नका. 'लोकल रिइन्स्टॉल'ला एवढा डेटा लागत नाही. विंडोज चढवलेला आठ जीबीचा पेनड्राइव्ह मिळाला तर उत्तमच.

"फॉरमॅट मारला की सगळं जातं." हा गैरसमज खरा महागात पडतो. आपल्याकडे येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांत कंपन्यांनी काढून टाकलेला माल पुष्कळ असतो, आणि कंपनी आपल्या यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर करून ठेवते. ऑटोपायलट म्हणतात त्या व्यवस्थेला. ती नोंद डिस्कवर नसतेच, मग फॉरमॅटने जाणार कशी? दुकानात इंटरनेट न जोडता विंडोज चढवली तर काही कळत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही घरी रिसेट करता, वायफाय जोडता आणि समोर कुठल्याशा कंपनीचं नाव येतं : ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा. ही नोंद कंपनीने काढल्याशिवाय सुटका नाही. अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकमध्ये हेच काम अ‍ॅक्टिव्हेशन लॉक करतं; तिथे जुन्या मालकाने आपलं खातं काढून द्यावं लागतं.

उपाय साधा आहे, फक्त तो पैसे देण्याआधी करायचा. दुकानातच यंत्र रिसेट करायला लावा, आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि कुठली कंपनी डोकावते का ते बघा. तास-दीड तास जाईल. दुकानदार कुरकुरला तर समजून घ्या. नंतर तक्रार घेऊन दुकानात परत जायला भामरागडच्या माणसाचा पूर्ण दिवस मोडतो, आणि पर्लकोटा नदीला पूर असला तर तेही जमत नाही.

जुन्या मालकाची आणखी एक जागा म्हणजे बायोसचा, विंडोजच्याही आधी मागितला जाणारा पासवर्ड. त्याबद्दल "सेल काढला की उडतो" असं छातीठोकपणे सांगतात. जुन्या डेस्कटॉपवर ते खरं होतं. ऑफिसात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून तो हलत नाही.

आता परवाना. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपांत विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच नोंदलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा चढवली की यंत्र आपोआप सक्रिय होतं, मालक कोणीही असो. म्हणजे 'ओरिजिनल विंडो'चे वेगळे पैसे मागणाऱ्याला आधी हे विचारा. उलट, होमच्या यंत्रावर जुगाड करून प्रो चढवलेली असेल तर ते सोंग रिसेटनंतर टिकेलच असं नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी माणसाच्या खात्याची असते, ती यंत्राबरोबर येत नाही. आणि "आय-फाइव्ह आहे, चालतंय" एवढ्यावर जाऊ नका : विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आठवीच्या आधीच्या पिढीचं यंत्र स्वस्तात मिळालं तर त्यावर लिनक्स मिंट घाला, मराठी छान चालतं.

कागदाचं काय? गाडीला आरसी असते, संगणकाला तसलं काही नाही. बल्लारपूरच्या डेपोतल्या सागाच्या लठ्ठ्यावर हातोड्याचा ठसा असतो, तसा इथे सिरीयल नंबर, आणि तो बिलावर लिहून घेतला तरच बिलाला अर्थ. बुडावरच्या लेबलवरचा नंबर आणि बायोसमधला नंबर जुळतो का ते पाहा. सिरोंच्याला तेलंगणातलं मंचेरियल जवळ, म्हणून तिकडून घेतलं तरी हाच नियम. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या निम्म्यात, बिलाशिवाय मिळणारा लॅपटॉप हे तसं कारण ठरू शकतं.

ग्रामसभेचा प्रश्न जरा निराळा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात आलं. त्यानंतर गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत अनेक ग्रामसभांकडे विक्रीचे, मजुरीचे मोठे हिशेब आले. अशा वेळी कामाचा लॅपटॉप ज्याला संगणक येतो त्या पोराच्या खासगी ईमेलवर सुरू होतो. "तोच तर वापरतो" म्हणून कुणाला खटकत नाही. पण विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर पुष्कळ यंत्रांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जाते. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, यंत्राने किल्ली मागितली, की हिशेब अडकले. तेव्हा बिल ग्रामसभेच्या नावे, ईमेल ग्रामसभेचा वेगळा, त्याला दोन पदाधिकाऱ्यांचे मोबाइल जोडलेले, आणि ४८ अंक कागदावर उतरवून ठरावांच्या रजिस्टरबरोबर कपाटात.