पोरक्या पिलांचा आश्रम



माकडाचें लहान पिलूं दृष्टीस पडलें म्हणजे तें घरीं आणावें, त्याला बाटलीनें दूध पाजावें, असें कोणाला वाटत नाहीं? तें सुरकुतलेलें इवलेंसें तोंड, ते टकमक पाहणारे डोळे, आणि जें हातीं लागेल त्याला घट्ट बिलगण्याची ती संवय पाहून दगडालाहि पाझर फुटावा. परंतु एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. हें पिलूं एकटें सांपडलें कसें? माकडीण आपलें पिलूं टाकून जात नाहीं. तें सदोदित तिच्या पोटाशीं बिलगलेलें असतें. तेव्हां बाजारांत किंवा रस्त्यांत एकटें पिलूं दिसलें, तर त्याच्यामागें बहुधा एका मेलेल्या आईची हकीकत असते. ती हकीकत काय असते, अशा पोरक्या पिलांना थारा देणारे आश्रम कसे चालतात, आणि दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनीं त्यांना खरें साह्य कसें करावें, हें या लेखांत पाहूं.

प्रथम आपल्या महाराष्ट्रांतीलच उदाहरण घेऊं. गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागड तालुक्यांत हेमलकसा नांवाचें गांव आहे. तेथें बाबा आमटे यांनीं 1973 च्या डिसेंबरांत माडिया गोंड लोकांकरितां लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. आणि त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तें काम आपलेंसें केलें. त्या काळीं तेथें ना धड रस्ता, ना वीज. आरंभींच्या वर्षांत डॉ. आमटे एकदां रानांतून जात असतां कांहीं माडिया शिकारी समोरून येतांना दिसले. त्यांनीं एक माकडीण मारून आणिली होती. आणि त्या मेलेल्या आईच्या छातीशीं एक जिवंत पिलूं बिलगून दूध पिण्याची धडपड करीत होतें. चौकशी करतां समजलें कीं, मोठ्या माकडिणीबरोबर तें पिलूंहि खाण्याकरितांच नेलें जात होतें.

हीं माणसें क्रूर आहेत, असें म्हणून डॉक्टर पुढें निघून गेले असते तर गोष्ट तेथेंच संपली असती. परंतु शिकारी भुकेले आहेत, हें त्यांनीं ओळखलें. पिलाच्या मोबदल्यांत त्यांनीं तांदूळ देऊं केला आणि पिलूं मागून घेतलें. त्याचें नांव बबली ठेविलें. पुढें त्यांनीं रानांतल्या लोकांना सांगून ठेविलें कीं, आई मारली गेली तरी पिलांना मारूं नका. तीं आमच्याकडे आणा. याप्रमाणें माकडांच्या मागोमाग बिबट्ये, अस्वलें, हरणें, तरस असा मोठा परिवार त्या अंगणांत जमला. या परिवाराची देखभाल करणाऱ्या कार्यकर्त्यांत विलास मनोहर हे पुण्याहून गेलेले गृहस्थ होत. येथील व्यवसाय सोडून ते हेमलकशास राहिले, आणि तेथील प्राण्यांच्या सहवासावर त्यांनीं 'नेगल' हें पुस्तक लिहिलें. आपल्या शहराचा त्या दूरच्या आश्रमाशीं असा जुना ऋणानुबंध आहे.

या उदाहरणांत एक मोठें मर्म आहे. पिलूं वांचविलें तें दयेनें. परंतु पुढचीं पिलें वांचलीं तीं दवाखाना, शाळा आणि पोटभर अन्न यांची सोय होऊं लागल्यामुळें. ज्याच्या घरांत चूल पेटते, त्याला माकडाच्या मागें रानोमाळ हिंडावें लागत नाहीं.

आतां याच प्रसंगाचें दुसरें रूप आफ्रिका खंडांत पाहूं. तेथील अरण्यांत चिंपँझी नांवाचा बिनशेपटीचा कपि राहतो. सर्व प्राण्यांत मनुष्याचा अत्यंत जवळचा आप्त म्हणून शास्त्रज्ञ याला आणि याच्याच जातभाई बोनोबोला ओळखतात. 1960 सालीं जेन गुडाल या इंग्रज बाईंनीं टांझानियांतील गोंबे येथें असें पाहिलें कीं, चिंपँझी गवताची काडी वारुळांत घालतो आणि तिला चिकटून आलेल्या वाळव्या खातो. हत्यार वापरणारा प्राणी म्हणजे मनुष्य, ही समजूत त्या एका काडीनें ढांसळली. चिंपँझीचें पिलूं चार-पांच वर्षें आईचें दूध पितें, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें तिच्याच पाठीमागें राहून कोणतें फळ खावें, रात्रीं झाडावर पानांचें अंथरूण कसें करावें, मोठ्यांपुढें कसें वागावें, हें सारें शिकतें. आपली शाळा दहा वर्षांची. त्याची शाळाहि जवळजवळ तितकीच. मात्र त्या शाळेंत शिक्षक एकच, आणि ती म्हणजे आई.

शिकारी मांसाकरितां मोठ्या चिंपँझीस मारतात. पिलाच्या अंगावर मांस थोडें. म्हणून तें जिवंत ठेवून विकतात. सिएरा लिओन देशांत हिशेबनिसाचें काम करणारे बाला अमरशेखरन यांना 1988 सालीं असेंच एक आजारी पिलूं विकावयास ठेविलेलें दिसलें. तें त्यांनीं विकत घेतलें, त्याचें नांव ब्रूनो ठेविलें आणि घरीं वाढविलें. पुढें पिलांची संख्या वाढत गेली, घर पुरेना, आणि 1995 सालीं ताकुगामा येथें चिंपँझींचा आश्रम उभा राहिला. परंतु प्रेमानें वाढविलें म्हणून रानटी प्राणी माणसाळतोच असें नाहीं. 2006 सालीं ब्रूनो व त्याच्याबरोबर तीस चिंपँझी कुंपणाबाहेर पडले; त्या गडबडींत त्यांनीं केलेल्या हल्ल्यांत एका मोटारहांक्याचा जीव गेला. बहुतेक चिंपँझी पुढें परतले. ब्रूनो मात्र कधींच परतला नाहीं. लहानपणीं मांडीवर बसणारें पिलूं मोठेपणीं माणसाहून कितीतरी बलवान् होतें, ही गोष्ट पाळण्याचा मोह धरणाऱ्यानें कधीं विसरूं नये.

अशा आश्रमांत दिवस कसा जातो? युगांडा देशांत व्हिक्टोरिया सरोवरामध्यें न्गांबा नांवाचें बेट आहे. सुमारें 100 एकरांच्या त्या बेटावर 1998 पासून पोरके चिंपँझी ठेवितात, आणि आज त्यांची संख्या सुमारें 50 आहे. चिंपँझीला पोहतां येत नाहीं, म्हणून चोहोंकडचें पाणी हेंच त्याचें कुंपण. माणसांच्या राहण्याच्या जागेच्या बाजूला तेवढें विजेच्या तारांचें कुंपण आहे. सकाळीं न्याहारी झाली कीं दारें उघडतात आणि सारी मंडळी रानांत पांगते. परंतु एवढ्याशा रानांतलीं फळें इतक्या तोंडांना पुरणार कशीं? म्हणून ठराविक वेळीं रखवालदार फळें व भाज्या घेऊन कुंपणाशीं येतात. तेव्हां एकच गलका होतो! कोणी हात पसरतो, कोणी चपळाईनें दोन्ही हातांत आणि एका पायांत फळें धरून बाजूला पळतो, कोणी थोरल्याची मर्जी राखून वाट पाहतो. संध्याकाळीं पुन्हां घरीं येऊन पेज प्यावयाची आणि झोळ्यांत अंग टाकावयाचें, असा त्यांचा क्रम आहे.

मागें राहिलेल्या रखवालदारांचें काम मात्र दिवसभर संपत नाहीं. पिंजरे धुणें, फळें निवडणें व मोजणें, कोणी कमी खाल्लें त्याची नोंद ठेवणें, जखमा पाहणें, कुंपण तपासणें, हेंच रोजचें. आपलें पडसें-खोकला चिंपँझीला सहज जडतो आणि जिवावरहि बेततो. म्हणून आजारी माणसाला जवळ फिरकूं देत नाहींत. नवें पिलूं आलें म्हणजे तें आधीं वेगळें ठेवून त्याची प्रकृति तपासतात. पुढें एखादी मायाळू मादी पाहून हळूहळू तिच्याशीं त्याची ओळख करून देतात. त्या मादीनें त्याला पाठीवर घेतलें, कीं त्या दिवशीं रखवालदारांना सण वाटतो.

मग यांना पुन्हां रानांत कां सोडीत नाहींत, असें तुम्ही विचाराल. कांहीं थोड्यांना सोडलेंहि आहे. परंतु ज्यानें आईच्या शाळेंत पाठ घेतले नाहींत, त्याला रानांत जगणें कठीण. शिवाय माणसाची भीति न उरल्यानें तो गांवांत शिरतो. आणि रानांतले कळप परक्या नराला ठारहि मारतात. म्हणून बहुतेकांना जन्मभर आश्रमांतच राहावें लागतें. नवीन पोरक्यांना जागा उरावी म्हणून अशा बहुतेक ठिकाणीं त्यांना संतति होऊं देत नाहींत.

आतां या "जन्मभर" शब्दाचा हिशेब करूं. आश्रमांतील चिंपँझी पन्नास वर्षें, प्रसंगीं त्याहूनहि अधिक जगतो. आज दोन वर्षांचें पिलूं आश्रमांत आलें, तर तुमच्यापैकीं आठवींतला विद्यार्थी साठी ओलांडील, तेव्हां तें म्हातारें होऊन सकाळच्या न्याहारीची वाट पाहत बसलेलें असेल. पिलूं सोडविण्याची गोष्ट एका दिवसाची. पोसण्याची गोष्ट पन्नास वर्षांची. वर्तमानपत्रांत पहिली छापून येते; दुसरी कोठेंच येत नाहीं. साह्यकर्त्यांची खरी गरज या दुसऱ्या गोष्टींत आहे.

म्हणून बहुतेक आश्रम लोकांना एखादा प्राणी नांवापुरता दत्तक घेण्यास सांगतात. प्राणी आश्रमांतच राहतो. दत्तक घेणारा दरसाल ठराविक रक्कम देतो, आणि त्याला त्या प्राण्याची खुशाली कळविली जाते. एकदांच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षां न चुकतां येणारी लहान रक्कम व्यवस्थापकाला अधिक धीर देते. कारण पोट रोज लागतें. कोणी औषधें देतो, कोणी जाड दोर व झोळ्या देतो, आणि पशुवैद्य, सुतार, हिशेबनीस असे कोणी आपली सुट्टी देतात. साह्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो सर्वांत अवघड, कारण त्यांत आपल्याला कांहींच मिळत नाहीं: जवळ न जाणें, हात न लावणें, खांद्यावर पिलूं घेऊन छायाचित्र न काढणें. असें एक छायाचित्र शंभर जणांच्या मनांत पिलूं पाळण्याची हौस उत्पन्न करतें, आणि त्या हौसेपायीं रानांत आणखी आया मरतात. याच कारणास्तव पिलूं "सोडविण्याकरितां" पैसे मोजूं नयेत. विकणाऱ्याला एका पिलाचे दाम मिळाले, कीं तो दुसऱ्याच्या शोधास लागतो.

तुमच्या पालकांपैकीं अनेकांनीं पेशवे उद्यानांतील पिंजरे पाहिले असतील. 1953 सालीं स्थापन झालेलें तें प्राणिसंग्रहालय पुढें कात्रजला हलविण्यांत आलें. तेथें आपण प्राणी पाहावयास जातों, आणि तें योग्यच आहे. आश्रमाचा हेतु मात्र निराळा आहे: तेथें प्राण्याचें सुख आधीं, आणि पाहणाऱ्याचें मागाहून.

चिंपँझी आपल्या सह्याद्रींत नाहीं. माकडें व वानरें मात्र आहेत. सहलीला गड चढतांना त्यांना शेंगदाणे, बिस्किटें टाकूं नका. त्या संवयीनें तीं धिटावतात, माणसाला चावतात, आणि शेवटीं पकडून नेलीं जातात. जखमी अथवा एकटें पिलूं दिसलें तर घरीं आणूं नका. वन्य प्राणी असे बाळगणें 1972 च्या कायद्यानें गुन्हा ठरूं शकतें. शिवाय आई जवळपासच असण्याचा संभव असतो. दूर उभे राहा, कुत्र्यांना हांकून लावा, आणि वनखात्यास 1926 या क्रमांकावर कळवा.

हेमलकशाच्या त्या वाटेवर एका डॉक्टरनें पिलाकडे पाहिलें, आणि त्याच वेळीं शिकाऱ्याच्या रिकाम्या पोटाकडेहि पाहिलें. दया करावयाची तर अशा दोन्ही डोळ्यांनीं करावी, आणि एकदां हातीं घेतलेलें ओझें वर्षानुवर्षें वाहावें, एवढेंच या पोरक्या पिलांच्या हकीकतीवरून शिकावयाचें आहे.